माहेरच्या नावाची हाक

माझ्या संशोधनाचा विषय सांगितला की लोक आधी हसतात. लग्नात बायकांची नावं बदलतात, त्यात अभ्यास करण्यासारखं काय आहे, असं परभणीतल्या आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मला तोंडावर विचारलं गेलं आहे. विचारणाऱ्या सरांच्या बायकोचं नाव लग्नात बदललेलं होतं आणि आधीचं काय होतं ते सरांना आठवत नव्हतं. मी मग फार वाद घातला नाही.

हा अभ्यास आम्ही तिघी मिळून करत होतो. एक कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या भागातली, एक सेनेगलची आणि मी. अधूनमधून स्क्रीनवर भेटायचो. त्या दोघी आपसात फ्रेंच बोलायच्या, माझ्यासाठी इंग्रजीवर यायच्या आणि मी ते सगळं मनात मराठीत घोळवत बसायचे. कॅनडावालीकडे कायदाच आहे, बाईचं जन्माचं नाव लग्नानंतरही तेच राहतं. सेनेगलच्या बाईंकडेही लग्न झालं म्हणून वडिलांचं आडनाव सहसा सुटत नाही. त्यामुळे दोघींचा सगळा रोख आडनावावर. आमच्याकडे पाळण्यातलं नावसुद्धा जातं, ताटात तांदूळ पसरून नवरदेव अंगठीने नवं नाव लिहितो, हे मी सांगितलं तेव्हा कॅनडावालीने ते वहीत उतरवून घेतलं. मग तिने विचारलं, त्या जुन्या नावाने तिला पुढे हाक कोण मारतं?

मला त्या प्रश्नाचा रागच आला. इतकी वर्षं या विषयात डोकं घालून बसले होते आणि हे मला सुचलं नव्हतं. पण प्रश्न चांगला होता, म्हणून निमूटपणे गावोगावच्या बायकांच्या मुलाखतींत घातला. बाकीच्या प्रश्नांना बायका एका शब्दात वाटेला लावायच्या, इथे मात्र अडायच्या. हातातलं खुरपं थांबायचं. भाऊ मारतो, म्हणायच्या. आई होती तोवर आई मारायची. एकीने नुसतीच मान हलवली, पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा खुरपायला बसली.

आईला विचारायचं मात्र राहूनच गेलं होतं. आमचं गाव सेलू तालुक्यात, देवगाव फाट्याच्या अलीकडे. आई डोळे दाखवायला माझ्याकडे आली होती, तेव्हा मेथी निवडता निवडता मी विषय काढला. तिचं माहेरचं नाव दोन अक्षरी, साधं, लांबून हाक मारायला सोपं. ते इथे लिहीत नाही, तिची परवानगी नाही. नेमकं तेच नाव तिच्या सासूचं होतं. सासूचं नाव सुनेने घ्यायचं नसतं, मग तेच नाव लेवून ती त्या घरात वावरणार कशी? म्हणून तांदळात तिला नवं नाव मिळालं. देवीचं, भलं लांबलचक, पत्रिकेवर शोभणारं. पुढे तेही कुणी वापरलं नाही. वडील 'अगं' म्हणायचे आणि गाव माझ्या थोरल्या भावाची आई म्हणून ओळखायचं.

"तुझा मामा व्हता तवर त्यो मारायचा," आई म्हणाली. "आता एकच जण हाय. असली तर."

ती एक म्हणजे तिच्या माहेरची, पोखर्णीतली मैत्रीण. शाळेवरच्या शिपायाची मुलगी, नदीचं नाव असलेली. नरसिंहाच्या देवळामागे दोघींनी चिंचा पाडल्या होत्या, एकमेकींच्या उवा काढल्या होत्या आणि एकाच उन्हाळ्यात दोघींची लग्नं लागली होती. मैत्रीण पालमकडे दिली, एवढंच आईला ठाऊक. तिचंही नाव बदललं होतं, पण काय ठेवलं ते आईच्या कानावर आलं नाही. शिपायाची बदली झाली, ते घर पोखर्णीतून उठलं आणि विचारायला माणूसच उरलं नाही. आई मग जत्रेत, एसटीत, लग्नाच्या मांडवात पालमकडची बाई दिसली की नदीचं नाव सांगून विचारायची. त्या नावाची बाई कुणालाच माहीत नव्हती. माहीत असणार कशी?

हे सगळं मी पहिल्यांदाच ऐकत होते. परक्या बायकांच्या ओसऱ्यांवर, बांधांवर बसून ही माहिती मी तासन्‌तास गोळा करत होते आणि घरातलीच बाई माझ्यासमोर मेथी निवडत होती. फार वाईट वाटलं.

पालम तालुक्यात माझं काम चालूच होतं. मी नावाचा नाद सोडला. गावोगावच्या आशाताईंना सांगून ठेवलं, पोखर्णी माहेर असलेली, बाप शाळेत शिपाई असलेली म्हातारी कुठे आहे का ते बघा. पोळा झाल्यावर एकीचा फोन आला. तिच्या गावात 'पोखर्णीवाली' म्हणून एक आजी होती. बाप शिपाईच होता. तब्येत बरी होती, अजून शेतात जायची.

आईला लगेच फोन करून सांगितलं. मी म्हटलं, आशाताई फोन लावून देतील, बोलून घे. नको म्हणाली. मग मी तरी जाऊन भेटते, तर तेही नको.

"फोनवर काय वळखणार ती? म्या समोर जाऊन हुभी ऱ्हाते. बगू, मला कोन्या नावानं हाक मारती."

मग तिची तयारी सुरू झाली. आधी पितरांचा पंधरवडा, पितरपाट आडवा आला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिच्या दारात जायचं आणि तेही पितरपाटात, हे आईला पटेना. मग घट बसले, घर सोडता येईना. मग सोयाबीन काढायला आलं. मैत्रिणीसाठी घेतलेलं हिरवं लुगडं तिचं तिलाच आवडेनासं झालं, ते बदलून आणलं. मी मागे लागले की चिडायची. तुमचं शहरातल्या लोकांचं सगळंच घाईचं, म्हणायची. एवढे दिवस थांबले, आता दिवाळी करूनच जाते, म्हणजे फराळाचंही नेता येईल. ती खूश होती. लग्नाला निघाल्यासारखी खूश होती, म्हणून मीही जोर केला नाही.

दिवाळीच्या तोंडावर आशाताईंचा पुन्हा फोन आला. पोखर्णीवाली आजी गेली होती. आदल्या दिवशी कापूस वेचून आली, जेवली, झोपली आणि उठलीच नाही.

दहावं व्हायच्या आधी आम्ही भेटायला गेलो. आमच्याकडे भेटायला आलेली बाई दारातूनच रडत येते. कुणी आत्या म्हणून, कुणी माय म्हणून, कुणी जाऊबाई म्हणून, आणि घरातल्या बायका तिच्या गळ्यात पडून तो सूर उचलतात. आईने उंबऱ्यातच हंबरडा फोडला, नदीचं नाव घेऊन. ओसरीवरच्या बायका रडायला लागल्या आणि लगेच थांबल्या. एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यातली एक म्हातारी उठून आईजवळ आली, तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"घर चुकलं का बाई तुमचं? या नावाचं हितं कुनी न्हाई."

मग मी सगळं समजावून सांगितलं. थोरल्या सुनेने धाकटीला विचारलं, धाकटीने बाहेर बसलेल्या नवऱ्याला विचारून घेतलं. त्या पोरालाही आपल्या आईचं माहेरचं नाव ठाऊक नव्हतं. थोरल्या सुनेने माझ्या आईला विचारलं, तुम्ही कोण? आईने आधी सासरचं लांबलचक नाव सांगितलं, सेलूकडची म्हणाली. मग थांबली आणि माहेरचं नाव सांगितलं. सांगून झाल्यावर सुनेच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आत्याबाईनं कदी सांगितलं न्हाई," सून म्हणाली. "आमी कदी इचारलंबी न्हाई."

शेजारच्या घरून चहा आला. आईने कप हातात धरला आणि तसाच खाली ठेवला.

परतीची एसटी पोखर्णीत थांबली. आई खिडकीशी होती. उतरायचं का, मी विचारलं. ती नको म्हणाली. गाडी हलल्यावर बाहेरच बघत म्हणाली, "तू हाक मार बरं एकदा. माज्या नावानं."

मी तिच्या कानाशी वाकले. दोनच अक्षरं होती. अनोळखी बायकांची असली नावं मी रेकॉर्डरवर पुन्हा पुन्हा उच्चारून घेतली होती, बरोबर आलं का म्हणून त्यांनाच विचारलं होतं. पण हे माझ्या आईचं होतं. जीभ वळेना. पुन्हा प्रयत्न केला आणि तोंडातून 'आई' एवढंच आलं.

"ऱ्हाऊ दे माय," ती म्हणाली. "लेकराच्या तोंडी येत नसतंय ते."