काजमावशीचा गाळा

काजमावशीला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. एकतीस वर्षं ती दुसऱ्यांच्या दुकानांत बसून काजं करत आली आणि बटणं लावत आली. शर्ट शिवायचा एकाने, कौतुक व्हायचं मालकाचं, आणि भोकं पाडायला ही! अख्खा शर्ट आपल्या हाताने शिवायचा, दारावर आपली पाटी लावायची, एवढीच तिची हौस. सत्तावन्नाव्या वर्षी तिने दूरच्या एका गावात गाळा ठरवला. मालकाने बजावलं होतं, "शुक्रवारी दुपारी बारापर्यंत या. नाही आलात तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

"आई, या वयात ही कसली थेरं?" लेक म्हणाला. तिने शिलाई मशीन चादरीत बांधायला घेतलं.

पोहोचवायला इंजिन तयार झाली. इंजिन म्हणजे तिची शेजारीण आणि जिवाची मैत्रीण. वीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. गुरुवारी सकाळी दोघी तिच्या जुन्या व्हॅनमधून निघाल्या. वाट पाच तासांची, बरं का!

पण इंजिनला आधी तळं बघायचं होतं. मग वाटेवरच्या मावसबहिणीला भेटायचं होतं, आणि मावसबहीण जेवल्याशिवाय सोडते थोडीच? पुढे घाटाचा रस्ता बंद आहे म्हणून वळसा, वळशात चहा, चहानंतर डुलकी. शेवटी एका लॉजवर मुक्काम पडला. काजमावशी मनात चरफडली, पण गाडी दुसरीची, बोलणार काय?

शुक्रवारी साडेदहाला एक पेट्रोल पंप आला.

"हा मघाशी येऊन गेला," काजमावशी म्हणाली.

"सगळे पंप सारखेच असतात गं."

"त्या हवा भरणाऱ्याच्या शर्टाचं तिसरं काज तिरपं आहे. ते मी विसरेन होय? तू मला गोल गोल फिरवतेयस."

इंजिनने घाम पुसला.

"वीस वर्षांत एक पोर चुकीच्या दारात उतरवलं नाहीस, आणि आज रस्ता चुकतेस? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस."

इंजिनने गाडी कडेला घेतली. "तुझ्या लेकाने सांगितलं होतं. बारा टळेपर्यंत फिरव म्हणाला, मग येईल आपोआप घरी."

"आणि तू ऐकलंस?"

"ऐकलं. मलाही तेच हवं होतं. तू गेल्यावर मी सकाळी कुणाचं दार वाजवू?"

काजमावशीचा जीव कळवळला आणि तितकाच संतापही आला. ती खाली उतरली, मागचं दार उघडलं, मशीन कमरेवर घेतलं आणि चालू लागली. अहो, मशीन म्हणजे काय भाजीची पिशवी? दर दहा पावलांनी खाली ठेवायची, श्वास घ्यायची, परत उचलायची. व्हॅन मागून हळूहळू येत होती.

"बस गं आत! कंबर मोडेल!"

"मोडू दे. गाळ्यात जाऊन मोडेल."

"सरळ नेते. पोरांची शपथ!"

"शपथ नको. गाडी हाक."

मशीन मागे ठेवून काजमावशी आत बसली. मग मात्र इंजिनने अशी गाडी हाणली की काजमावशीने दोन्ही हातांनी सीट धरली. बाराला सहा मिनिटं असताना त्या गाळ्यासमोर उतरल्या. दुसरं गिऱ्हाईक दारातच उभं होतं. मालकाने घड्याळ पाहिलं, चेहरा वाकडा केला आणि किल्ली काजमावशीच्या हातावर ठेवली.

तिने लेकाला फोन लावला. "गाळा मिळाला. तुझ्यावर मी जाम रागावलेय. रविवारी ये आणि समोर बसून ऐकून घे." एवढं बोलून फोन ठेवला.

रिकाम्या गाळ्यात इंजिन भिंतीला टेकून उभी होती. "निघते मी," ती पुटपुटली. "माझं तोंड बघायचं नसेल तुला."

"हात वर कर," काजमावशी म्हणाली. गळ्यात टेप होती.

"काय?"

"माझं पहिलं गिऱ्हाईक तू. अख्खा शर्ट. आठ दिवसांनी घालून बघायला यायचंस, मग बाहीसाठी परत, मग कॉलरसाठी."

इंजिनला हुंदका आवरेना.

"रडू नकोस गं. छाती वरखाली होते, माप चुकतं," काजमावशी म्हणाली, आणि स्वतःच चुकलेलं माप तिने पुन्हा पहिल्यापासून घेतलं.