कमरुद्दीनचा भोंगा

सिंदेवाहीच्या कमरुद्दीनचं भोंग्याचं यंत्र दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावातून आलेलं. आसपासच्या गावांत लग्न असो की दंडारीचं लोकनाट्य, त्याच्याशिवाय पान हलत नसे. त्या हिवाळ्यात यंत्रातला मोठा व्हॉल्व्ह, म्हणजे दिव्यासारखी काचेची नळी, निकामी झाला. चांद्याच्या दुकानदारानं नुसती मान हलवली. नागपूरवाला म्हणाला, "हा माल आता येतच नाही." इकडे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, तोंडावर आला होता.

तेवढ्यात कळलं, की अहेरीच्या एका वारलेल्या लाकूडठेकेदाराच्या घरी अगदी असंच यंत्र पडून आहे. मोटारीत धक्के खात कमरुद्दीन तिथे पोचला. ठेकेदाराच्या बायकोनं, वच्छलाबाईनं, पदरानं यंत्रावरची धूळ झटकली.

"मालक होते तवाच बंद पडलं होतं. लागन ते काहाडून घे भाऊ."

त्यानं झाकण उघडलं. सगळ्या नळ्या जागच्या जागी होत्या. हवी ती त्यानं अलगद उपसली, उजेडात धरली, आणि त्याची आशा मावळली. आत हवा शिरून काच दुधासारखी पांढरी झाली होती.

"काऊन, नाई जमत का?"

"बाई, याचाबी तोच व्हॉल्व्ह गेला."

"मंग दोन्ही असेच मुके राह्यतीन?"

कमरुद्दीननं नळी परत जागेवर बसवली आणि झाकण लावलं.

शंकरपटात बैलजोड्यांची नावं माणसांनी घसा फोडून पुकारली. मागच्यांना काही ऐकू जाईना. ते वळूनवळून कमरुद्दीनकडे पाहत होते, आणि तो गर्दीत रिकाम्या हातांनी उभा होता.