खडूचे तीन चौकोन

आमच्या सरांनी व्याकरणाचं पुस्तक कधी उघडलंच नाही. वर्गाच्या फरशीवर खडूनं तीन चौकोन आखायचे: तेव्हा, आत्ता, नंतर. आणि इंग्रजीत आपटलेल्या आम्हा पोरींना म्हणायचे, "कुठं उभी राहून बोलतीयस ते आधी ठरव. मग तोंड उघड."

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी हुपरीहून एस.टी.नं कोल्हापूरला शिकायला यायचे. मॅट्रिकला बाकीचे विषय सुटले, इंग्रजीनं तेवढा दगा दिला. परफेक्ट टेन्स दिसला की माझी दातखीळ बसायची. हॅव की हॅड? मी आपलं सगळीकडं हॅड ठोकून दिलं होतं! ऑक्टोबरच्या परीक्षेला परत बसणाऱ्यांना सर दुपारी फुकट शिकवायचे.

पहिल्याच दिवशी मला उशीर झाला.

"का गं?"

"बस गेलती, सर. मी स्टँडवर पोचायच्या आधीच."

"मग 'तेव्हा'मध्ये उभी राहा आणि बघ मागं वळून. तू पोचलीस, त्याच्याही आधी बस गेलती. इथं हॅड. आता ये 'आत्ता'मध्ये. आलीयस न्हवं वर्गात? इथं हॅव. तोंडातच हाय की तुझ्या सगळं! उगंच भितीस."

अहो, काय माणूस होता! इतकी वर्षं जे डोक्यात शिरलं नाही, ते तीन आठवडे चौकोनांत उड्या मारून पायांतून वर चढलं.

आणि फॉर्म भरायच्या वेळी आमचे आबा अडून बसले. आमच्या घरी पैंजणं बनायची, आबा दिव्याच्या ज्योतीवर फुंकणीनं फुंकून चांदीच्या कड्या सांधायचे. म्हणाले, "एकदा नापास झालीस, बास झालं. उद्यापास्नं कामाला बस." त्यांच्यापुढं बोलायची कुणाची टाप नव्हती. सरांचा वर्ग बंद झाला. दोन दिवस मी कड्या ओवत नुसती रडत होते.

तिसऱ्या दिवशी सर दारात.

"या पावणं," आबा म्हणाले, पण हातातली फुंकणी काही खाली ठेवली नाही. सर शेजारी मांडी घालून बसले. शिक्षणाचं महत्त्व वगैरे एक अक्षर नाही. बराच वेळ काम बघितलं आणि म्हणाले, "मला एक कडी सांधू द्या की."

आबांनी फुंकणी दिली. सरांनी दिव्याच्या ज्योतीवर असं काही फुंकलं की कडी वितळून तिचा गोळाच झाला. मेले, म्हटलं. आता आबा यांनाच हाकलणार.

आबा मात्र पोट धरून हसले. "मास्तर, पयल्यांदा समद्यांचं असंच हुतंय. माझ्या तर ढीगभर कड्या गेलत्या. परत करा, जमंल."

"मग पोरीलाच का वो एकच डाव?"

आबांचं हसू तिथंच थांबलं. त्या गोळ्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. हात धोतराला पुसला.

"आण तुझा कागद. सही कुठं करायची?"

ऑक्टोबरला मी पास झाले. आबा स्वतः पेढे घेऊन सरांकडं निघाले. पिशवीत बघते तर पेढ्यांखाली फुंकणी.

"ही कशाला?"

"मास्तरांची कडी राहिलीया न्हवं अजून," आबा म्हणाले.