आत्याची उचकी आणि गाडीचं मिसिंग

उज्जैनमध्ये राहून असं सांगणं जरा धाडसाचंच आहे, पण भुताखेतांवर, नजर-बिजर लागण्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. अजूनही फारसा नाही. गाडीपुरते मात्र मी हात टेकले आहेत.

नानाखेड्याला बस स्टँडच्या मागच्या कॉलनीत आमचं घर. घरात मी, बायको आणि माझी आत्या – शाळेतून रिटायर झालेली, ऐंशीच्या घरातली, जिभेनं तिखट. दारात वीसेक वर्षांची पेट्रोल गाडी. गाडी घरी आली त्या दिवशी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आत्यानंच काढलं होतं. दोघींचा संबंध म्हणाल तर तेवढाच.

मागच्या थंडीत गाडी मिसिंग करायला लागली – चढावर धक्के, सिग्नलला थरथर. टावर चौकाजवळच्या कैलाश मेकॅनिकनं काळा पडलेला एक प्लग काढून नवा लावला. तेवढ्यात बायकोचा फोन, "आत्याची उचकी थांबली एकदाची." सकाळपासून लागली होती... साखर झाली, पाणी झालं. मी हसलो आणि विसरलो.

होळीनंतर आत्याला सारखी तहान. "डोक्यातून वाफा निघून राहिल्या रे," म्हणाली, अर्धा माठ संपवून. शुगर तपासली, नॉर्मल. दुसऱ्याच दिवशी देवास रोडवर टेम्परेचरची सुई लाल पट्ट्यात! रेडिएटरचा पाइप गळत होता. तो बदलला आणि आत्या एका भांड्यावर आली.

आता मात्र मी कैलाशला सगळं सांगितलं. पोट धरून हसला. पण पुढच्या वेळी गाडी पिकअप घेईना, तेव्हा बॉनेट उघडायच्या आधीच म्हणतो, "पहले ये बताओ, बुआजी को क्या तकलीफ है?"

"खांसी."

"एयर फिल्टर," तो म्हणाला. आणि फिल्टर खरोखरच धुळीनं बुजलेला निघाला.

इथवर गंमत होती. पावसाळ्यात गाडी निळा धूर सोडायला लागली, ऑइल पिऊ लागली. कैलाश म्हणाला, "साहब, इंजन बैठ गया. अब नया मिलेगा भी नहीं. कबाड़ में दे दो." मी गाडी तशीच परत आणली. कारण घरी आत्याला दोन पायऱ्या चढल्या की धाप लागत होती. रिपोर्ट सगळे चांगले. वय झालं, असं डॉक्टर म्हणाले. आणि भंगारवाले तर गाडी दाबून चपटी करतात...

घाबरत घाबरत बायकोला सांगितलं. वाटलं, वेड्यात काढेल. ती म्हणाली, "कबाड़मध्ये नाही द्यायची, बस."

शेवटी देवासचा एक ट्यूशनवाला मास्तर गाडी विकत घेऊन गेला. त्याच्या मामाचं जुन्या पार्ट्सचं दुकान होतं. निघताना आत्यानं बॉनेटवरून हात फिरवला, "नीट जा गं."

त्यानंतर आत्या पलंगालाच लागली. मी रोज सकाळी आधी तिचा श्वास बघायचो, मग चहा. आणि एक दिवस बघतो तर पलंग रिकामा. धावत वर गेलो. आत्या गच्चीवर कपडे वाळत घालत होती, जिना एकटी चढून.

"काल संध्याकाळपासून पायांत जान आली रे," म्हणाली. "तू का हाफून राहिला?"

मी मास्तरला फोन लावला. सहज विचारतोय असं दाखवून.

"एकदम मस्त है अंकल. कल शाम को ही मामा ने दूसरा इंजन डाल दिया."

यामागे काय आहे, मला आजही सांगता येत नाही. कैलाशलाही येत नाही, आणि डॉक्टरांना मी विचारलेलंच नाही. सर्विसिंगची आठवण मात्र मी स्वतः फोन करून देतो. मास्तरला वाटतं, अंकलचा गाडीवर फार जीव होता.