डावा गुडघा

मला धावायला कुणी शिकवलं नाही. मासा खराब व्हायच्या आत बोर्ली पंचतनच्या बाजारात पोचला पाहिजे, एवढ्याच कारणानं मी धावायला लागलो. आमचं गाव कोळ्यांचं, किनाऱ्याला लागून. आई आणि बाकीच्या बायका बाजारात बसायची जागा धरायला आधीच पुढे गेलेल्या असत. होड्या लागल्या की माल त्यांच्यापर्यंत पोचवणं हे माझं काम. खांद्यावर कावड, तिच्या दोन्ही टोकांना टोपल्या, आणि टोपल्यांतून गळणारं पाणी पोटऱ्यांवर. ओहोटीला ओली वाळू घट्ट असते, पाय रुतत नाही, म्हणून मी पाण्याच्या कडेकडेनं जायचो. परत येताना मोकळा असायचो आणि तोवर भरती चढलेली असायची, तेव्हा वरच्या वाटेनं यायचो.

जाताना समुद्र डाव्या हाताला असे. वाळू समुद्राकडे उतरती, त्यामुळे वजन घेऊन धावताना माझा डावा पाय दर पावलाला थोडा खाली पडत होता. असं रोज, कित्येक वर्षं. हे मला पुढे एका डॉक्टरनं समजावून सांगितलं. तोवर ना मला ते ठाऊक होतं, ना घरात कुणाला.

शर्यत नावाची गोष्ट मला इंग्रजी शाळेत कळली. पहिल्यांदा मोकळ्या खांद्यानं धावलो तेव्हा हातांचं काय करायचं ते समजेना. कावड धरायची सवय असल्यानं एक हात वरच राहिला आणि पोरं हसली. पण धावणं संपलं तेव्हा हसणारे बरेच मागे होते. मग तालुक्याच्या गावी धावलो, पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी धावलो. जितकं अंतर लांब तितकं मला सोपं जाई. बाकीची मुलं थकू लागली की मला वाटायचं, आता कुठे आमच्या गावची वेस आली.

बाबांना हा प्रकार नीटसा उमगला नाही.

"धावून कुटं जायचं?" त्यांनी विचारलं.

"कुठं नाही. फेरी मारून परत तिथंच यायचं."

"आनि न्यायचं काय?"

"काही नाही."

बाबा आईकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? मोकल्या हातानं जातो नि मोकल्या हातानं येतो, आनि लोक टाल्या वाजवतात. आमी एवडी वर्सं दर्यात जातो, कदी कोनी टाली वाजवलीन?"

पण जिल्ह्याहून मी बक्षिसाचा पेला घेऊन आलो तेव्हा त्यांनी तो होडीवरच्या प्रत्येकाच्या हातात दिला, आणि परत घेताना प्रत्येक वेळी आपल्या धोतरानं पुसला.

त्या पेल्यामुळेच मी कॉलेजात गेलो, असं म्हटलं तर ते खोटं नाही. माझे मार्क बरे होते. पण आमच्या घरातून मॅट्रिकच्या पुढे जायचं हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. मुंबईच्या एका कॉलेजातले कसरतीचे मास्तर त्या शर्यतीला आले होते. येतोस का, असं त्यांनी मला विचारलं, आणि कॉलेजनं मला फी माफ करून घेतलं. वसतिगृहातल्या मुलांची बोलण्याची पद्धत, त्यांची पुस्तकं, त्यांचे वडील काय करतात, सगळंच मला परकं होतं. वर्गात प्रश्न आला की उत्तर माहीत असूनही माझं तोंड उघडत नसे. पण संध्याकाळी मैदानावर उतरलो की कुणाला काही समजावून सांगावं लागत नसे. तिथं मी कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. खरं सांगायचं तर, मलाही ते तिथंच ठाऊक होतं.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत सगळ्या कॉलेजांची लांब पल्ल्याची शर्यत होती. ती मी जिंकेन असं मास्तर उघड म्हणत, आणि मी मनात म्हणत असे. पावसाळा संपल्यावर आम्ही डांबरी सडकेवर सराव सुरू केला. दिवाळीनंतर डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागलं. आधी धावून झाल्यावर दुखे, मग धावताना, मग जिना उतरताना.

मास्तरांनी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी मी लहानपणी कुठं, कसा धावायचो ते बारकाईनं विचारलं आणि उतरत्या वाळूचं ते कारण सांगितलं.

"मोडलेलं काही नाही," ते म्हणाले. "तीन महिने धावू नकोस. आपोआप बरं होईल."

"शर्यत जानेवारीत आहे."

"मग ती सोड."

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "पुढच्या वर्षी धाव. तू काय म्हातारा झालायस?" ते सहज म्हणाले. मला मात्र एक वर्ष न धावता त्या वसतिगृहात कसं राहायचं, हेच कळत नव्हतं.

नाताळच्या सुट्टीत आगबोटीनं घरी गेलो. धक्क्यावरून घरापर्यंत चालताना बाबांनी माझा पाय पाहिला.

"काय झाला?"

मी सांगितलं. डॉक्टरांनी आराम सांगितला आहे, हेही सांगितलं.

"आराम म्हंजे?"

"तीन महिने नुसतं बसायचं."

बाबा थांबले. किनाऱ्यावर एक जुनी होडी वर ओढून ठेवलेली होती, तिच्याजवळ मला नेलं आणि फळ्यांच्या सांध्यात बोट घालून दाखवलं. "ही बग. वाल्लीय. फल्या उगडल्यात. होडी पान्यात ऱ्हायली तर सांदे मिटतात, वर काडून ठेवली का उगडतात. तुजा डॉक्टर तुला वर काडून ठेवतो. तीन महिन्यांनी तुजा गुडगा असा व्हयल."

मला ते पटलं. आज लिहिताना हसू येईल असं वाटत होतं, पण येत नाही. लाकूड, दोर, हाड, सगळ्याचा विचार आमच्या घरात असाच व्हायचा, आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा. शिवाय बाबा जे सांगत होते त्यात जानेवारीची शर्यत होती, आणि डॉक्टर जे सांगत होते त्यात ती नव्हती.

आमच्याकडे सांधा धरला की डाग देतात. वल्ही मारून ज्यांचे खांदे गेले, अशा निम्म्या गावाच्या अंगावर ते गोल डाग होते. बाबांच्या दोन्ही खांद्यांवर होते. डाग देणारी म्हातारी आमच्या आळीतच राहायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला बोलावलं. बोंबील वाळत टाकलेल्या काठ्यांपलीकडे थोडी सावली होती, तिथं मला बसवलं. तिनं चुलीतून लोखंडी सळई आणली.

"बोंबलशील का रं?" तिनं विचारलं.

"नाही, आजी."

"तुजा बापूस बोंबलला व्हता. आख्खा गाव गोला झालता."

"आवशी, त्याला कशाला सांगतेस," बाबा म्हातारीला म्हणाले, आणि त्यांनी माझा पाय दोन्ही हातांनी धरला.

"सांगते म्हंजे? शिकल्याला पोर हाय, त्याला खरं कलाया नको?"

आई हसली. मीही हसलो, आणि तेवढ्यात म्हातारीनं सळई टेकवली. तीन ठिकाणी. मी ओरडलो नाही. बाबांनी माझी मांडी थोपटली आणि आईला म्हणाले, "माज्यापरीस बरा निगाला."

दोन दिवस खरंच गुडघा दुखला नाही; निदान जुनं दुखणं त्या नव्या दुखण्याखाली सापडेना. बाबांनी सांगितलं होतं, सकाळ-संध्याकाळ खाऱ्या पाण्यात उभा राहा, जखम सुकेल. मी उभा राहायचो. तिसऱ्या दिवशी तर वाळूवर थोडं धावूनही पाहिलं. लोकांनी दारातून पाहिलं. कुणीतरी ओरडलं, "पलाला रं पलाला!" मला अजून तो आवाज आठवतो, कारण त्यानंतर मी कधी धावलो नाही.

परतताना आगबोटीत ताप चढला. वसतिगृहात पोचेपर्यंत गुडघा इतका सुजला होता की लेंगा वर सरकवता येईना. मास्तरांनी डाग पाहिले.

"हे कुणी केलं?"

"गावी."

"गाव आहे का खाटीकखाना?"

मला त्यांना सांगायचं होतं की माझा पाय बाबांनी धरला होता आणि किती हळू धरला होता. पण ते मला नीट सांगता आलं नसतं, आणि ताप होता.

पू सांध्यात उतरला होता. शर्यत झाली तेव्हा मी इस्पितळात होतो. शेजारच्या खाटेवरच्या गिरणी कामगाराला भेटायला आलेला माणूस वाटेत सडक बंद होती म्हणून उशीर झाला, अशी तक्रार करत होता. त्यावरून मला कळलं की आज ती होती. गुडघा दोनदा कापला. पट्ट्या सुटल्या तेव्हा तो अर्ध्यापर्यंत वाकत होता. त्यापुढे नाही.

"चालशील," डॉक्टर म्हणाले.

"आणि धावणं?"

ते हात धूत होते. हात पुसून झाल्यावर पुन्हा म्हणाले, "चालशील."

बाबा भेटायला आले. ते मुंबईला क्वचितच येत. डोक्यावर नवी टोपी, हातात सुक्या बोंबलांची पुरचुंडी. तिच्या वासानं नर्स रागावली आणि ती खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवायला लावली. बाबा खाटेच्या कडेला अवघडून बसले. बराच वेळ त्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, हात मात्र लावला नाही.

"आपन डाग उशिरा दिला," ते शेवटी म्हणाले. "दिवालीलाच द्याया पायजे व्हता. तवाच तुला बोलवायला पायजे व्हतं. माजं चुकलं."

त्या वेळी मला त्यांना खरं सांगता आलं असतं. तीन महिने नुसता बसलो असतो तर आज धावत असतो, हे डॉक्टरांनी मला सरळ सांगितलं होतं. पण मग त्या माणसानं गावी परत जाऊन काय करायचं? त्याच्या दोन्ही खांद्यांवर तेच डाग होते, आणि त्याच खांद्यांनी तो रोज वल्हं मारत होता.

"व्हय," मी म्हणालो. "उशीर झाला."

त्यांना थोडं बरं वाटलं असावं. नर्सकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "ही जेवाया तरी देते का?"

कॉलेजनं मला काढलं नाही. मार्क बरे होते आणि प्राचार्य भले गृहस्थ होते. पण मैदानावर मी कोण आहे हे आता कुणाला ठाऊक नव्हतं. नवी मुलं मला लंगडा म्हणून ओळखत. वर्गात माझं तोंड पूर्वीसारखंच बंद राही. रोज संध्याकाळी चारच्या सुमाराला पाय आपोआप मैदानाकडे निघत आणि मी त्यांना वाचनालयाकडे वळवत असे. तिथं पुस्तक उघडून बसायचो. पुष्कळ दिवस मी एकच पान वाचत होतो असं मला वाटतं.

पुढच्या जानेवारीत मास्तरांनी मला बोलावलं. त्यांना माझ्यासाठी काहीतरी करायचं होतं, हे मला दिसत होतं. शर्यतीचा मार्ग अर्ध्यावर जाऊन मागे वळायचा. तिथं एक माणूस झेंडा घेऊन उभा हवा होता, धावणाऱ्यांनी त्याला वळसा घालून परत फिरायचं.

"उभा राहशील?" त्यांनी विचारलं.

"राहीन, सर."

सकाळी मला एका गाडीतून तिथं नेऊन सोडलं. सडक रिकामी होती. बऱ्याच वेळानं पहिला आला. चांगला धावत होता. खांदे सैल, श्वास बेताचा. मी झेंडा उंच धरला. माझ्या अगदी जवळून, बाहीला वारा लागेल इतक्या जवळून तो वळला आणि गेला. मग दोघे, मग घोळका. सगळे माझ्याभोवती वळत होते आणि कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं; पाहण्याचं कारणही नव्हतं, मी स्वतः कधी झेंडेवाल्याकडे पाहिलं नव्हतं. सगळ्यात शेवटी एक जाडसर मुलगा कुशीत हात दाबून चालत आला.

"अजून माझ्या मागे कुणी आहे का हो?" त्यानं विचारलं.

"नाही."

"अरेरे," तो म्हणाला, आणि माझ्याभोवती वळून पुन्हा धावायला लागला.

मला न्यायला गाडी येणार होती. ती बराच वेळ आली नाही. झेंडा गुंडाळला आणि सडकेच्या कडेनं चालू लागलो.