सर्व्हरची दुसरी तार

नवा रायपूरच्या एका दवाखान्यात मी लॅब सांभाळत होते, तेव्हाची ही माझी अक्कल. सर्व्हरला दोन तारा दिसल्या. त्या जोडीनं काम करतात हे मला कुठलं ठाऊक! एक जास्तीची समजून मी तिचं सर्व्हरातलं टोक उपटलं, तारा जोडायच्या शेजारच्या डब्यात खोचलं आणि वर ऐटीत हात झटकले.

तासाभरात सगळे कॉम्प्युटर गोठले. ऑपरेशनच्या टेबलावर बाळंतीण, आणि तिच्या रक्ताचा रिपोर्ट आत अडकलेला.

दुरुस्तीवाला आला, चपला दाराबाहेर काढून. त्यानं इमारतीतले सगळे कॉम्प्युटर बंद करायला लावले. तरी डब्यांवरचे हिरवे दिवे एका लयीत लुकलुकत राहिले. बोलणारं कोणी नाही आणि बोलणं चालूच! तो डोळे मिटून एकेक तार नाडीसारखी चिमटीत धरत गेला. माझ्या तारेशी थांबला, ती काढली. दिवे निवले.

कॉम्प्युटर पुन्हा चालू होऊन रिपोर्ट खाली ऑपरेशनला गेल्यावर मी पुटपुटले, “भैया, मीच खोचली होती ती.”

तो हसला नाही. चपला घालत म्हणाला, “बाई, मशीननं सकाळी एकदाच विचारलं होतं, ‘कोण आहे?’ एका तारेतून जाऊन दुसरीतून तेच घुमून राहिलं होतं. घरी जाताना पाठीमांगून कोणी तसंच विचारलं, तर ओ देऊ नका.”