आता हेच इंग्रजीत सांगा

"कुठल्या वाडीतल्या तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

माझे पाय तेव्हा थरथरत होते. नसांच्या आजाराने असे पेटके यायचे की खुर्चीची कड धरून बसावं लागे. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या ऑफिसात मी टेबलाखाली गुडघे दाबून सॉफ्टवेअर तपासायची. सगळ्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. उरला होता गांजापासून केलेला एक स्प्रे. ब्रिटनमध्ये त्याला अजून परवाना नव्हता. कन्सल्टंट, म्हणजे हॉस्पिटलमधला तज्ज्ञ डॉक्टर, स्वतःच्या जबाबदारीवर लिहून देईल, तरच मिळायचा. त्यासाठी मी नवऱ्याला घेऊन या डॉक्टरांसमोर बसले होते.

दारावरचं मराठी नाव वाचून मी हरखले होते. आपलं माणूस. आत जाताच इंग्रजी सोडलं आणि मराठीत सुरू झाले. परदेशात आपण सगळेच हे करतो. माझं आडनाव 'कर'वर संपतं. त्यावरून त्यांना जात कळेना. म्हणून आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, आणि आता वाडी. पेटक्यांबद्दल एकही प्रश्न नाही.

"बौद्धवाडीतली," मी म्हणाले.

ते खुर्चीत मागे टेकले. अहोजाहो तिथेच संपलं.

"तरीच गांजा मागायला आलीस," ते हसत म्हणाले. "तुमच्या लोकांना नशेची सवय असतेच. तुला दिलं तर उद्या अख्खी वाडी रांग लावेल."

शेजारी एक गोरी, वयस्क नर्स उभी होती. डॉक्टर हसले म्हणून तीही हसली. गावाकडच्या गप्पा चालल्यात असं तिला वाटलं असणार. ते हसणं मला जास्त लागलं.

नवऱ्याने माझा हात दाबला. "गप्प बस. गरज आपल्याला आहे."

अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे मलाही कळत होतं. माझा बाप जन्मात दारूच्या थेंबाला शिवला नाही. शाळेत मला वेगळं बसवायचे, तेव्हा आईही हेच म्हणायची. गरज आपल्याला आहे. मी शिकले. नोकरी मिळवली. समुद्र ओलांडला. आणि इथे, रुग्ण म्हणून बसलेली असताना, पुन्हा तेच. माझ्या जिवाचा संताप झाला.

पायात पेटका आला. मी दात आवळले. तो जाऊ दिला.

"डॉक्टर, आता हेच इंग्रजीत सांगा. सिस्टरना कळू दे."

"अगं, मस्करी केली. मनावर काय घेतेस?"

"मग मस्करी इंग्रजीत करा."

त्यांनी नर्सला एवढंच सांगितलं, "नॉट सुटेबल." मग उरलेलं मी सांगितलं. एकेक शब्द. वाडी म्हणजे काय, ती का विचारतात, तेही. माझ्या इंग्रजीला कोकणी हेल आहे. असू दे. नर्सचं हसू गेलं. तिने डॉक्टरांकडे पाहिलं. ते स्क्रीनकडे बघत राहिले.

कार पार्कमध्ये नवरा म्हणाला, "घालवलंस ना औषध?"

हो, घालवलं. गाडीत बसताना त्याने माझे पाय हातांनी उचलून आत ठेवले. मी रडले. दुखत होतं म्हणून रडले.

मी त्या डॉक्टरांविरुद्ध तक्रार केली आणि दुसरा डॉक्टर मागितला. तो कधी मिळेल, स्प्रे देईल की नाही, ठाऊक नाही. त्याने माझे पाय तपासावेत. वाडी विचारली तर तीही सांगेन. पण का विचारली, याचं उत्तर सगळ्यांसमोर घेतल्याशिवाय त्या खोलीतून उठणार नाही.